थोडा मावा असू द्या

टोमॅटोच्या शेंड्यावर मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारे ते बारीक किडे, दिसला तर आठवडाभर काहीही करू नका, असं मी सांगते तेव्हा विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. तो उपाय विचारायला आलेला असतो. सेंद्रिय बाग म्हणजे विषारी औषधांऐवजी निंबोळी अर्क, साबणाचं पाणी, आंबट ताक असं काहीतरी फवारायचं, इतकंच त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. फवारा बदलला, सवय तीच राहिली. माझ्या बागेने मला वेगळं शिकवलं. ढालकिडे हवेत, क्रायसोपा हवा, सिरफिड माश्या हव्यात, तर माव्यावर जगणाऱ्या त्यांच्या पिल्लांना बागेत काहीतरी खायला मिळालं पाहिजे. मावा समूळ संपवलेल्या बागेत माव्यावर जगणारं कुणी टिकत नाही, आणि मग पुढच्या वेळी मावा येतो तेव्हा त्याला रान मोकळं असतं.

थांबणं जड जातं हे मला माहीत आहे. मावा वाढतोच तसा. वाढीच्या दिवसांत माव्याच्या मादीला नर लागत नाही आणि ती अंडीही घालत नाही, थेट जिवंत पिल्लं देते. त्या पिल्लांच्या पोटात जन्माच्या आधीच पुढचे गर्भ धरू लागलेले असतात, म्हणजे एकाच इवल्याशा देहात आई, लेक आणि नात एकदम नांदत असतात. हवा उबदार असली की आठ-दहा दिवसांत ते पिल्लू स्वतः आई होतं. जिनिव्हाच्या शार्ल बॉने या विशीतल्या तरुणाने १७४० साली नुकताच जन्मलेला एक मावा वेगळा काढला, त्याला एकट्यानेच वाढवलं आणि दिवसभर भिंग लावून त्याच्यावर पहारा ठेवला. नराशी गाठही न पडलेल्या त्या मादीला ९५ पिल्लं झाली. त्याच काळातले फ्रेंच निसर्गअभ्यासक रेओम्यूर यांनी हिशेब केला होता: प्रत्येक मादीला ९० पिल्लं धरली, तर पाचव्या पिढीत एकीची संतती ५९० कोटींच्या वर जाते.

हिशेबात चूक काहीच नाही. तरीही झाडं उभी आहेत, बागा फुलताहेत. ते कोट्यवधी कुठे जातात, हे बघायला लागले आणि तेव्हापासून माझं बागेत बसणं वाढलं. पाणी घालणं, तण काढणं ही कामं उरकतात. पान उलटून नुसतं बघत बसणं मात्र संपत नाही.

पहिली ओळख बहुतेकांची होते ती ढालकिड्याशी. लाल-नारिंगी पाठ, काळे ठिपके, लहान मुलांच्याही आवडीचा. पण प्रौढ ढालकिडा ओळखता येणं पुरेसं नाही, त्याची अळी ओळखता आली पाहिजे, कारण खरी खादाड तीच. ती दिसायला ढालकिड्यासारखी अजिबात नसते. काळसर राखाडी, लांबट, मागे निमुळती, पाठीवर बारीक काटे आणि थोडे नारिंगी डाग. सुसरीचं पिल्लू वाटावं अशी. माव्याच्या गर्दीत ही फिरताना दिसली की लोकांना वाटतं आणखी एक कीड आली, आणि ते तिला चिरडतात. कोषात जाईपर्यंत एक अळी काही शे मावे फस्त करते. पानाच्या खालच्या बाजूला पिवळ्या, उभ्या, एकमेकींना चिकटून मांडलेल्या अंड्यांचा पुंजका दिसला तर ते पान खुडू नका. मादीने ती जागा माव्याचा वास घेऊन, बघून-सवरून निवडलेली असते. मावा नसेल तिथे ती सहसा अंडी घालत नाही, आणि आपण ज्या पानावरचा मावा पुसून काढतो तिथे तिच्या पिल्लांची उपासमार ठरलेली.

दोन ओळखी आणखी पक्क्या करून ठेवाव्यात. झाडाचा रस शोषणाऱ्या पिठ्या ढेकणाच्या पांढऱ्या कापसात कधी कधी त्याहून मोठी, तशीच पांढऱ्या मेणाच्या झिरमिळ्या लेवून हिंडणारी अळी दिसते. ती क्रिप्टोलीमस नावाच्या ढालकिड्याची. तिचं खाणं पिठ्या ढेकूणच, आणि सोंगही त्याचंच घेतलेलं. चाल बघा: ढेकूण जागचा हलत नाही म्हटलं तरी चालेल, ही मात्र लगबगीने फिरते. दुसरी ओळख उलट बाजूची. वांग्याच्या पानांची जाळी करणारा एपिलॅक्ना भुंगेरा हाही ढालकिड्यांच्याच कुळातला, पण पक्का शाकाहारी. त्याच्या पाठीवर ठिपके जास्त, एका जातीत तर २८, आणि अंगावर बारीक लव असल्यामुळे तो चकाकत नाही. चकाकी नसलेला, पान खरवडणारा दिसला की मी त्याला हाताने वेचते.

सिरफिड माशीबद्दल फार थोडं बोललं जातं आणि मला ती सगळ्यांत जास्त आवडते. गांधीलमाशीसारखे पिवळे-काळे पट्टे, पण डंख नाही. पंखांची जोडी एकच. फुलासमोर हवेत ती एका जागी स्थिर राहते, झटकन बाजूला सरकते, पुन्हा स्थिर. बघणाऱ्याला वाटतं हिचं काम फुलांपुरतंच. प्रत्यक्षात ती माव्याच्या वसाहतीशेजारी एक-एक पांढरं अंडं ठेवून जाते, आणि त्यातून निघते बिनपायांची, डोळ्यांविना, हिरवट पारदर्शक अळी. दिवसा ती पानाच्या बेचक्यात दडून असते म्हणून दिसत नाही. रात्री बॅटरी घेऊन त्याच शेंड्याकडे जावं. ती तोंडाकडचा भाग इकडून तिकडे फिरवत चाचपडते, मावा लागला की त्याला पानावरून उचलून अधांतरी धरते आणि आतला रस शोषून रिकामी कातडी टाकून देते. पुन्हा चाचपडणं सुरू. दृष्टी नसलेला जीव इतक्या नेमकेपणाने पोट भरतो, हे बघताना मला दर वेळी तितकंच नवल वाटतं.

क्रायसोपाही रात्रीचा. जाळीदार हिरवे पंख, सोनेरी डोळे, दिव्यापाशी येऊन बसतो. त्याची मादी प्रत्येक अंडं केसाएवढ्या बारीक देठाच्या टोकावर ठेवते. अंडी पानापासून अशी उंच का, तर मुंग्यांना ती सहज हाती लागू नयेत आणि आधी बाहेर पडलेल्या भावंडानेही ती खाऊ नयेत. कारण या अळ्या समोर येईल त्याला खातात, भावंडांसकट. वाकडे, आतून पोकळ जबडे माव्यात खुपसून त्याचा रस ओढायचा ही त्यांची रीत. आणि तो नाजूक प्रौढ? त्याच्या पुढच्या पंखांच्या शिरेत कान असतात. वटवाघळाचा आपल्याला न ऐकू येणारा आवाज त्यांना ऐकू येतो, आणि तो येताच उडणारा क्रायसोपा पंख मिटून खाली पडतो. बागेतला मावा खाणाऱ्यालाही कुणीतरी खाणारं आहे, आणि तो त्याच्याशी झुंजत जगतो आहे.

आता ज्यांच्याबद्दल लिहायला मला सगळ्यांत अवघड जातं, ते परोपजीवी कीटक. पानावरच्या जिवंत माव्यात एखादा फुगलेला, कोरडा, फिकट तपकिरी मावा दिसतो. बोट लावलं तरी हलत नाही. त्याला ममी म्हणतात. एफिडियस नावाच्या, माव्यापेक्षा फार मोठ्या नसलेल्या माशीने पोट पायांमधून पुढे वळवून निमिषात त्याच्या अंगात अंडं टोचलेलं असतं. आत अळी वाढते, मावा हिंडत-फिरत, रस शोषत राहतो, आणि शेवटी अळी त्याला आतून पोखरून, खालून रेशमाने पानाला चिकटवून, त्याच्याच कातडीत कोषावस्थेत जाते. पुढे पाठीवर वर्तुळाकार झाकण कापून माशी बाहेर येते. कोबीवरच्या अळ्यांमध्ये कोटेशिया नावाची माशी हेच करते, फक्त तिथे एका अळीतून अनेक पिल्लं बाहेर येतात आणि मरणपंथाला लागलेल्या अळीशेजारी पिवळ्या कोषांचा ढीग रचतात. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीच्या आल्द्रोवांदी यांनी हे बघून ती त्या अळीचीच अंडी समजली होती. त्यांच्याच देशातल्या वालिस्निएरी यांनी पुढे शंभरेक वर्षांनी खरा उलगडा केला. चार्ल्स डार्विन यांनाही या माश्यांनी छळलं. दयाळू ईश्वराने मुद्दाम असा जीव घडवला असेल हे मनाला पटत नाही, असं त्यांनी १८६० साली आपल्या वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राला, एसा ग्रे यांना पत्रात कळवलं.

मलाही ते बघवत नाही. पण ममी दिसली की जीव भांड्यात पडतो, हेही तितकंच खरं. दोन्ही भावना एकदम येतात आणि त्यांतली एक खोटी ठरवावी असं मला वाटत नाही. कोबी मला हवी आहे. तिच्यासाठी अळी मरणार आहे. ती माझ्या हातच्या औषधाने मेली असती तर तिच्याबरोबर कोण कोण मेलं असतं, हा प्रश्न मला त्या अळीच्या वेदनेपेक्षा मोठा वाटतो.

त्या प्रश्नाचं उत्तर गणिताने शंभर वर्षांपूर्वी दिलं आहे. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी मंदावली, तेव्हा बाजारात येणाऱ्या माशांमध्ये शिकारी माशांचं प्रमाण वाढल्याचं उंबेर्तो द'आंकोना या जीवशास्त्रज्ञाला दिसलं. त्याने हे कोडं व्हितो व्होल्तेरा या गणितज्ञापुढे ठेवलं. व्होल्तेरा यांनी १९२६ साली शिकारी आणि शिकार यांची समीकरणं मांडली. त्यांतून निघालेली एक गोष्ट प्रत्येक बागवानाने मनावर घ्यावी अशी आहे: शिकारी आणि शिकार दोघांनाही सरसकट मारणारं काहीही आणलं, तर सरासरीने शिकारी घटतो आणि शिकार वाढते. मासेमारी थांबली तर शिकारी मासे वाढतात, आणि फवारा मारला तर मावा वाढतो. एकदम वाढत नाही. आधी मरतो, आपल्याला बरं वाटतं. मग वाचलेले दोन-चार मावे आठवड्याभरात पुन्हा वसाहत उभी करतात, तर ढालकिड्याला अंड्यापासून अंडं घालण्यापर्यंत यायला महिना लागू शकतो. शिवाय खायला काही उरलेलं नसल्यामुळे जिवंत राहिलेला ढालकिडाही केव्हाच उडून गेलेला असतो.

कागदाबाहेरही हे घडलेलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑस्ट्रेलियातून आलेल्या कापसी खवलेकिडीने कॅलिफोर्नियातल्या संत्र्या-लिंबांच्या बागा मोडकळीला आणल्या. १८८८ साली आल्बर्ट केबेले यांना ऑस्ट्रेलियात पाठवलं गेलं, आणि त्यांनी तिथून व्हेडालिया नावाचा लहानसा लाल-काळा ढालकिडा धाडला. आलेले किडे सगळे मिळून पाचशेच्या आसपास. ते बागांमध्ये सोडल्यावर दीड-दोन वर्षांत खवलेकीड आटोक्यात आली आणि पुढे अनेक दशकं राहिली. मग १९४०च्या दशकात डीडीटी हे कीटकनाशक आलं. बागांमध्ये व्हेडालिया मेला आणि विसरली गेलेली खवलेकीड पुन्हा उफाळली. इंडोनेशियातल्या भातशेतीत हाच प्रकार तपकिरी तुडतुड्यांच्या बाबतीत झाला. फवारण्या वाढल्या तसे तुडतुडे वाढले, कारण त्यांना आणि त्यांच्या अंड्यांना खाणारे कोळी व शिकारी ढेकूण आधी मरत होते. तिथल्या सरकारने १९८६ साली भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. एवढा मोठा निर्णय कीटकांची बाजू धरून घेतला गेला, याचं मला अजून अप्रूप आहे.

सेंद्रिय फवाराही या गणितातून सुटत नाही, आणि इथे मला थोडं ठासून बोलायचं आहे. साबणाचं पाणी मऊ अंगाच्या किड्याला मारतं, आणि सिरफिडची अळी माव्याइतकीच मऊ असते. शेवंतीच्या कुळातल्या फुलांपासून काढलेलं पायरेथ्रम पूर्ण नैसर्गिक आहे, पण समोर मावा आहे की ढालकिडा हे त्याला कळत नाही. निंबोळीचा अर्क पोटात गेला तर काम करतो म्हणून तुलनेने सौम्य, तरी त्याचं तेल थेट अंगावर पडलेली कोवळी अळी वाचेलच असं नाही. वनस्पतीपासून केलं म्हणून ते सगळ्या बागेवर शिंपडायला हरकत नाही, हा समज सोडून द्यायला हवा. मला हात घालावाच लागला तर मी आधी साध्या पाण्याची जोरदार धार मारते. खाली पडलेले बहुतेक मावे परत चढू शकत नाहीत. फारच झालं तर तेवढा शेंडा खुडते, तोही आधी उलटून बघून.

थांबून चालत नाही अशाही वेळा आहेत. नुकत्याच उगवलेल्या रोपाला दोनच पानं असतात, त्याने मित्रकीटकांची वाट बघायची नसते. पांढऱ्या माशीमुळे टोमॅटोची पानं आकसणारा विषाणू पसरतो, आणि त्याला गर्दी लागत नाही, थोड्या माश्या पुरतात. अशा वेळी बारीक जाळी लावून रोपं झाकणं हेच शहाणपण. मुंग्यांकडेही लक्ष असू द्या. माव्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंग्या माव्याची राखण करतात आणि ढालकिड्याच्या अळीला हाकलून लावतात. बुंध्याला चिकटपट्टी गुंडाळून मुंग्यांची वाट बंद केली की बाकीचं काम पुष्कळदा आपोआप होतं.

विकतचे मित्रकीटक सोडावेत का, असं विचारतात. पतंगांची अंडी पडायला लागली आहेत हे नीट बघून ट्रायकोग्रामाची कार्डं लावली तर उपयोग होतो. अर्ध्या मिलिमीटरची ती माशी अळी जन्मायच्या आतच अंडं काबीज करते आणि ते काळं पडतं. पण डबीतून आणलेले प्रौढ ढालकिडे बहुतेक करून उडून जातात. आणि परक्या मुलखातले किडे तर घाईने सोडूच नयेत. आशियातला हार्लेक्विन ढालकिडा मावा खायला म्हणून युरोप-अमेरिकेत नेला, तो तिथे इतका माजला की स्थानिक ढालकिडे मागे हटले.

त्यापेक्षा आहेत त्यांना राहावंसं वाटेल असं करणं सोपं. अळी मांसाहारी असली तरी सिरफिड, परोपजीवी माश्या आणि क्रायसोपाचे बरेचसे प्रौढ यांना मकरंद आणि परागकण लागतात, आणि यांची तोंडं आखूड. खोल नळीची दिमाखदार फुलं त्यांच्या कामाची नसतात. कोथिंबीर, शेपू, बडीशेप यांच्या छत्रीसारख्या तुऱ्यातली बारकी, उघडी फुलं हवीत. म्हणून मी कोथिंबिरीची सगळी जुडी कधीच काढत नाही, काही रोपं फुलावर जाऊ देते. चवळीच्या वेलावर आणि एरंडाच्या देठावर फुलाबाहेरही मकरंदाच्या ग्रंथी असतात, फुलं नसतानाही तिथे पाहुणे येत राहतात. शिवाय चवळीवर मावा भरपूर येतो. कोपऱ्यातली एक चवळी मी त्याच्या नावाने सोडलेली आहे, तिथे ढालकिड्यांची पैदास होते आणि तिथून ते भाजीकडे येतात. वाळलेला पाचोळाही सगळा उचलू नये, जमिनीवरचे भुंगेरे आणि कोळी दिवसा त्यात दडतात.

झाडही स्वस्थ बसलेलं नसतं. मक्याचं रोप अळीने कुरतडलं की ते विशिष्ट वास सोडतं आणि त्या वासावर परोपजीवी माशी येते, हे टेड टर्लिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली दाखवलं. पान नुसतं कापलं तर तसा वास सुटत नाही. कापलेल्या जागी अळीची लाळ लावली तर सुटतो. रोपाला कळतं की कात्री आहे की तोंड. पहिल्या आठवड्यात मी थांबते तेव्हा काहीच घडत नसतं असं नाही. हाक गेलेली असते, येणाऱ्यांना पोचायला वेळ लागतो. आपण त्याच वेळात फवारतो आणि जे पोचले त्यांनाही घालवतो.

तेव्हा मावा दिसला की दर दोन दिवसांनी तेच पान, तोच शेंडा बघावा. मावे किती आहेत यापेक्षा त्यांच्यात आणखी कोण आहे ते मोजावं: पिवळी अंडी, देठावरची अंडी, सुसरीसारखी अळी, तपकिरी ममी. काही ममींवर गोल, सुबक भोक दिसेल, कडेला झाकणही लटकत असेल. तिथून एफिडियस बाहेर पडलेली आहे. एखाद्या ममीचं भोक मात्र वेडंवाकडं, कुरतडल्यासारखं असतं. तिथून वेगळीच माशी निघालेली असते: माव्यात वाढणाऱ्या एफिडियसच्या अळीला शोधून तिच्यावर वाढणारी. अशी भोकं वाढायला लागली की एफिडियस कमी होणार, मावा थोडा चढणार, आणि ढालकिड्यांच्या पुढच्या अंडीपुंजांना खाणं मिळणार. माझ्या वहीत टोमॅटोच्या पानावर या दोन्ही भोकांच्या वेगवेगळ्या खुणा करायची मी सवय लावून घेतली आहे.